मुलांचा मलावरोध : होमिओपॅथिक लक्षणचित्रांचे एक वाचन

प्रस्तावना

लहान मुलांचा मलावरोध हा विषय वैद्यकाचा आहे. त्यावर मराठीच्या अध्यापिकेने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु होमिओपॅथी ही उपचारपद्धती असली तरी तिचे निम्मे काम वाचनाचे आहे. रुग्णाच्या बोलण्यातून, वागण्यातून, आवडीनिवडींतून लक्षणे वेचावयाची, ग्रंथातील औषधांच्या वर्णनांशी ती ताडून पाहावयाची आणि ज्या औषधाचे वर्णन सर्वाधिक जुळेल ते निवडावयाचे, असा तिचा क्रम असतो. येथे एक संहिता आहे, तिची स्वतंत्र वर्णनशैली आहे आणि अन्वयार्थ लावण्याची ठरलेली रीत आहे. तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने या संहितेकडे वळणे अगदीच अस्थानी ठरू नये.

विल्यम बोरिक यांचे १९०१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले व १९२७ च्या नवव्या आवृत्तीच्या रूपाने आजही वापरात असलेले मटेरिया मेडिका, जेम्स टायलर केंट यांची व्याख्याने व रेपर्टरी, आणि या दोघांच्या आधाराने मराठीत निघालेली घरगुती होमिओपॅथीची पुस्तके यांतील मुलांच्या मलावरोधाविषयीचा मजकूर प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. त्याची पारख करताना एका बाजूला हानेमानचे 'ऑरगॅनॉन' (पहिली आवृत्ती १८१०) आणि दुसऱ्या बाजूला अलीकडचे बालरोगशास्त्र समोर ठेवले आहे. या विषयाकडे वळण्यास घरचेही एक कारण घडले. त्याचा उल्लेख योग्य ठिकाणी येईल.

वर्णनाचे सामर्थ्य

या ग्रंथांचे प्रथम जे जाणवते ते त्यांच्या निरीक्षणाचे सूक्ष्मत्व. आपल्या घरांत या तक्रारीसाठी मोजके शब्द आहेत. 'पोट साफ होत नाही', 'कोठा जड आहे', 'खडा झाला' एवढ्यावर वर्णन संपते आणि उपाय सुरू होतात. बाळगुटीतला हिरडा जरा जास्त उगाळला जातो, रात्री मनुका भिजत पडतात, आणि तान्हे मूल असेल तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून हळूच लावला जातो. सगळ्या मुलांना एकच माप.

होमिओपॅथिक ग्रंथ मात्र मुलामुलांत भेद करतात. ब्रायोनियाच्या मुलाचा मळ कोरडा, मोठा आणि भाजल्यासारखा असतो, आणि ते एका वेळी भरपूर पाणी पिते. नक्स व्होमिकाच्या मुलाला पुनःपुन्हा भावना होते, पण बसल्यावर काही होत नाही, किंवा थोडेसे होऊन समाधान होत नाही. ओपियममध्ये भावनाच नसते. होतात त्या काळ्या, कठीण गोळ्या. दात येण्याच्या वयातील बाळाला मेंढीच्या लेंड्यांसारखे होत असेल तर मॅग्नेशिया म्युरिॲटिकमकडे बोट दाखविले जाते. अ‍ॅल्युमिनाच्या बाळाला मऊ शौचासाठीही कुंथावे लागते. सिलिशियामध्ये मळ अर्धवट बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. जुन्या डॉक्टरांनी या शौचाला चक्क 'लाजाळू' म्हटले आहे. दुखेल या धास्तीने जे मूल बसावयासच तयार होत नाही त्याच्यासाठी सल्फर. आणि कॅल्केरिया कार्बोनिकाचे गुटगुटीत मूल तर मलावरोध असताना उलट अधिक खुशीत असते.

हे वर्णन कोणा तटस्थ शास्त्रज्ञाचे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील घरोघर जाणाऱ्या, आयांशी तासन् तास बोलणाऱ्या डॉक्टरांचे ते संचित आहे, आणि त्यातील पुष्कळ वर्णने खरी आहेत. मराठी व्यक्तिचित्राच्या वाचकाला ही पाने आवडावीत असाच त्यांचा घाट आहे. (मराठी पुस्तकांत उतरताना मात्र लेंड्या लुप्त होतात आणि 'शुष्क व कठीण मल' उरतो, आपल्या ग्रंथभाषेचा सोवळेपणा येथेही आड येतो.) तेव्हा निरीक्षणाविषयी आमचा आक्षेप नाही. त्या निरीक्षणाचे पुढे जे केले जाते त्याविषयी आहे.

अन्वयार्थाची अडचण

सिलिशियाचे 'लाजाळू' शौच घेऊ. आजचे बालरोगशास्त्र याच दृश्याचा अर्थ कसा लावते? मुलाला एकदा शौचाच्या वेळी दुखते. पुढच्या वेळी भावना होताच ते स्नायू आवळून मळ रोखून धरते. रोखलेला मळ मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात साठतो, त्यातील पाणी शोषले जाते, तो आणखी कठीण व मोठा होतो आणि पुढच्या वेळी अधिक दुखते. असे आठवडे गेले की तो भाग ताणला जाऊन भावनाच मंदावते. मूल टाचा उचलून, पाय जुळवून, पडद्यामागे जाऊन ताठ उभे राहते. घरचे म्हणतात, 'बघा, किती कुंथतोय'. वस्तुतः ते कुंथत नसते, रोखत असते. एका क्रियापदाच्या चुकीच्या निवडीमुळे सगळे घर मुलाकडे उलट्या बाजूने पाहते.

आता वरील चित्रे पुन्हा पाहावीत. सल्फरचे भ्यालेले मूल, सिलिशियाचे अर्धवट आत जाणारे शौच, ओपियमची हरपलेली भावना ही तीन वेगळ्या प्रकृतींच्या तीन मुलांची चित्रे असतीलच असे नाही. एकाच मुलाच्या एकाच गोष्टीतले ते पहिले, दुसरे आणि तिसरे प्रकरण असू शकते. जुन्या डॉक्टरांनी तिन्ही प्रसंग अचूक टिपले. परंतु त्यांना काळाच्या सूत्रात ओवण्याऐवजी तीन बाटल्यांवर चिकटविले. प्रत्येक प्रसंग त्या त्या औषधाचा स्वभाव झाला आणि त्यांच्यातील कार्यकारण सुटून गेले. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

अ‍ॅल्युमिनाचे उदाहरण याहून बोलके आहे. मऊ शौचासाठीही कुंथणारे, लाल होऊन रडणारे तान्हे बाळ बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पोटातून जोर लावताना त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडावयाचे असतात, हा मेळ काही बाळांना जमावयास वेळ लागतो. २०१६ च्या 'रोम ४' निकषांप्रमाणे नऊ महिन्यांखालील निरोगी बाळ मऊ शौचापूर्वी निदान दहा मिनिटे कुंथत वा रडत असेल तर ते या गटात येते. हा मलावरोध नव्हेच. त्याला औषध लागत नाही. काही आठवड्यांत बाळ आपोआप शिकते. म्हणजे अ‍ॅल्युमिना ज्या बाळाला दिले जाते ते बाळ बरे होणारच असते. या औषधाची ख्याती किती खऱ्या अनुभवांवर उभी आहे, आणि तरीही त्या अनुभवांतून काहीच कसे सिद्ध होत नाही, हे येथे एकाच ठिकाणी दिसते.

येथपर्यंत नुकसान फार नाही. कॅल्केरियापाशी मात्र थांबावयास हवे. गुटगुटीत, संथ, डोक्याला घाम येणारे, टाळू उशिरा भरणारे, उशिरा चालू लागणारे आणि मलावरोध असूनही तक्रार न करणारे मूल हे होमिओपॅथीतील सर्वांत लोकप्रिय बालचित्र आहे. आजचा बालरोगतज्ज्ञ हीच यादी ऐकून दोन शक्यता मनात आणील. डोक्याचा घाम, न भरलेली टाळू आणि उशिरा चालणे यांवरून मुडदूस; संथपणा, मोठी टाळू, मलावरोध आणि मागे पडलेली वाढ यांवरून जन्मजात थायरॉइडची कमतरता. दुसरीची तपासणी रक्ताच्या थेंबांवर होते आणि उपचार एका साध्या गोळीचा असतो. पण तो आयुष्याच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो, कारण विलंबाची किंमत बुद्धीच्या वाढीने मोजावी लागते. आपल्याकडे प्रत्येक नवजात बालकाची ही तपासणी होतेच असे नाही. 'रडत नाही, त्रास देत नाही, गुणी आहे' म्हणून कौतुक झालेल्या बाळाच्या हाती कॅल्केरियाची पुडी पडणे ही केवळ वैचारिक मतभेदाची बाब राहत नाही.

फॉस्फरसचेही असेच. लांब, बारीक, कुत्र्यासारखे शौच हे त्याचे लक्षण. तान्ह्या बाळाला फितीसारखे बारीक होत असेल तर रचनेतच कोठे अरुंदपणा नाही ना, हे आधी पाहावे असे बालरोगशास्त्र सांगते. तसेच जन्मानंतर ४८ तासांपर्यंत पहिला काळा मळ न पडणे, हिरवी उलटी, फुगलेले पोट, न वाढणारे वजन, पायांतील अशक्तपणा यांचा अर्थ निराळा होतो. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. त्यावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही. केंटची रेपर्टरी पुढे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मलावरोधाच्या बारीकसारीक छटा आहेत. परंतु कोणत्या छटेपाशी औषधांचे पुस्तक मिटून मुलाला तपासणीसाठी पुढे पाठवावे, हे सांगण्यासाठी रेपर्टरी रचलेलीच नाही.

हानेमानचे सातवे सूत्र

या पद्धतीच्या संस्थापकाला हे ठाऊक नव्हते काय? 'ऑरगॅनॉन' वाचताना आश्चर्याचा धक्का बसतो तो येथे. सातव्या सूत्रात हानेमान लक्षणसमुच्चय हाच उपचाराचा आधार ठरवितो. पण त्याच सूत्राच्या तळटीपेत तो सांगतो की, रोगाला चालना देणारे वा टिकवून धरणारे कारण समोर असेल तर समंजस वैद्य ते आधी दूर करील, हे सांगावयासच नको. त्याने दिलेली उदाहरणेही पाहावीत. मूर्च्छा आणणारी उग्र वासाची फुले खोलीबाहेर काढावीत, डोळ्यात रुतलेला कण काढावा, आणि या यादीच्या शेवटाकडे चक्क नवजात बाळाचे बंद असलेले गुदद्वार शस्त्राने मोकळे करावे, असे म्हटले आहे. ७७ व्या सूत्रात तो पुढे जाऊन म्हणतो की, टाळता येण्याजोग्या अपायकारक राहणीमुळे टिकून राहिलेल्या तक्रारींना जुनाट रोग म्हणणेच चूक आहे. राहणी सुधारली की, मुळात दुसरा जुनाट दोष दडलेला नसेल तर, त्या आपोआप जातात.

शाळेत जाऊ लागल्यापासून दुपारपर्यंत रोखून धरणारे मूल याहून वेगळे कोणते उदाहरण आहे? आम्ही चाळलेल्या घरगुती मराठी पुस्तकांत औषधांचे तक्ते आहेत, पोटेन्सीची चर्चा आहे, कांदा, लसूण व कॉफीचे पथ्य आहे. सातव्या सूत्राची ही तळटीप मात्र कोठे आढळली नाही. अनुयायी गुरूपेक्षा कर्मठ निघतात, हे वाङ्मयीन संप्रदायांत आपण पाहतोच.

आणखी एक विसंगती नोंदवावी लागेल. होमिओपॅथीचा ज्ञानाधार म्हणजे निरोगी माणसावर औषधाची केलेली पारख, ज्याला 'प्रुव्हिंग' म्हणतात. १२६ व्या सूत्राप्रमाणे असा माणूस विश्वासू हवा आणि आपल्या संवेदना नेमक्या शब्दांत सांगू शकणारा हवा. तान्हे बाळ ही अट पूर्ण करू शकत नाही, हे उघड आहे. मग अ‍ॅल्युमिनाचे कुंथणारे बाळ किंवा मॅग्नेशियाचे दात येणारे बाळ ग्रंथात आले कोठून? ते दवाखान्यातून, बरे झालेल्या बाळांच्या टिपणांतून आले. आणि बाळ कोणत्याही औषधाविना बरे झाले असते की नाही, हे त्या टिपणांतून कळत नाही. दोन भिन्न प्रतीचे पुरावे एकाच परिच्छेदात, एकाच ठशात, भेद न दाखविता छापले गेले आहेत. संहितेच्या अभ्यासकाला प्रक्षेपांची ओळख असते. येथे प्रक्षेपच चित्राचा चेहरा झाला आहे.

मात्रा आणि पुरावा

औषधाच्या मात्रेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. 'तीस पोटेन्सी' म्हणजे शंभरात एक हे विरलीकरण तीस वेळा, म्हणजे एकावर साठ शून्ये. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची आशाही संपत जाते. रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लॉश्मिटने १८६५ मध्ये केला, हानेमान १८४३ मध्येच वारला. तेव्हा त्याला दोष देता येत नाही. आजच्या लेखकांना ती सवलत नाही.

युरोप व उत्तर अमेरिकेतील बाल-पचनविकार संघटनांनी २०१४ मध्ये संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. साठलेला मळ प्रथम मोकळा करणे, त्यानंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे मळ मऊ ठेवणारे औषध निदान दोन महिने चालू ठेवणे आणि ते एकदम न थांबविता हळूहळू कमी करणे, असा तिचा क्रम आहे. होमिओपॅथीसह पर्यायी उपचारांचा नेहमीच्या वापरासाठी पुरस्कार ती करीत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनेही होमिओपॅथीचा परिणाम विश्वासार्ह रीतीने सिद्ध झालेला एकही विकार नाही, असा निर्वाळा दिला. मलावरोधप्रधान आतड्याच्या विकारावर १९७० च्या दशकातील जर्मनीतील दोन चाचण्या आहेत. पण त्या प्रौढांवरील आहेत, त्यांचा दर्जा कमी आहे, आणि त्यांतले औषध असाफोटिडा, म्हणजे आपले हिंग, हे फारसे विरल न केलेले होते.

समतोलासाठी हेही सांगितले पाहिजे की, हीच मार्गदर्शिका आपल्या आज्यांच्या बाजूनेही नाही. नेहमीच्या आहाराहून अधिक चोथा किंवा अधिक पाणी यांनी असा मलावरोध बरा होतो, याला पुरावा नसल्याचे ती सांगते. आणि आधुनिक उपचारही झटपट नसतो. तज्ज्ञांकडे पाठविलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी सहा ते बारा महिन्यांत औषधमुक्त होतात, असे अभ्यास दाखवितात. होमिओपॅथीचे डॉक्टर 'धीर धरा' म्हणतात तेव्हा पालकांना ते अवास्तव वाटत नाही, याचे एक कारण हेही असावे.

दोन दवाखाने

आता घरच्या कारणाविषयी. माझा मुलगा बालवाडीतून पहिलीत गेला त्या वर्षी त्याच्या कपड्यांना दिवसाआड डाग लागू लागले. पोट बिघडले असावे असे समजून आम्ही दूध बंद केले, भाताची पेज दिली. नंतर सासूबाईंच्या विश्वासातल्या एका होमिओपॅथिक डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाऊण तास दिला. झोपताना कोणत्या कुशीवर झोपतो, अंधाराला भितो का, अंडे आवडते का, हे सारे विचारले. एक प्रश्न मला अजून आठवतो : 'कोणी जवळ असले की होत नाही, असे आहे का?' मी म्हटले, 'हो, शाळा सुरू झाल्यापासून.' त्यांनी मान हलविली आणि वहीत काही लिहिले. साबुदाण्याच्या गोळ्या मिळाल्या. मुलगा त्या आनंदाने खाई. औषधासाठी रडारड नसणे ही आईच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट असते, हे टीकाकारांनी विसरू नये. सात महिन्यांत पुडी चार वेळा बदलली. पुडीवर औषधाचे नाव कधीच नसे. पुढे ग्रंथ वाचताना ध्यानात आले की, परक्याच्या उपस्थितीत शौच न होणे हे अँब्रा ग्रिसिया या औषधाचे ठळक लक्षण आहे.

आठव्या महिन्यात त्याचे पोट दुखू लागले तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि डाव्या बाजूचा गोळा माझ्या बोटांना लावून दाखविला. साठलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. ज्याला आम्ही जुलाब समजत होतो तो मलावरोध होता. पाण्यात विरघळवायची पावडर, जेवणानंतर दहा मिनिटे बसणे, पायाखाली पाट, आणि डाग पडला तरी रागवायचे नाही, एवढे सांगून त्यांनी पुढचा रुग्ण आत बोलावला. सारे मिळून सहा मिनिटे. पावडर लागू पडली.

पहिल्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर औषधाच्या नावात जमा केले. दुसऱ्यांनी नेमका उपचार दिला, पण तो प्रश्न विचारला नाही. पहिल्यांची पाऊण तासाची वही आणि दुसऱ्यांचा पोटावरचा हात एका ठिकाणी आले असते तर मुलाचे सात महिने वाचले असते. दोन्ही पद्धतींची गोळाबेरीज करावी असे मला म्हणावयाचे नाही. पोटातला गोळा गोड गोळ्यांनी विरघळत नाही. ऐकून घेणे हे मात्र कोणत्याही औषधशास्त्राची खाजगी मालमत्ता नाही, आणि पालक तिकडे वळतात ते बहुधा त्यासाठीच. २०१४ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातील होमिओपॅथिक पदवीधरांना औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करून आधुनिक औषधे देण्याची वाट खुली केली, त्यावरून वैद्यकीय संघटनांत वाद चालू आहे. त्या वादात अधिकारांविषयी पुष्कळ बोलले जाते. दहा वर्षांखालील मुलाच्या पोटावर हात ठेवून पाहिला का, कोणती लक्षणे दिसताच पुढे पाठविले, पुडीवर नाव लिहिले का, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात.

पावडर सुरू झाल्यावरही मुलगा शाळेत जाईना, म्हणजे शौचाला जाईना. एके दिवशी मीच शाळेत जाऊन पाहिले. मुलांच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. मधल्या सुट्टीत मोठी मुले दार ढकलीत. पालकसभेत विषय काढला, तेव्हा आणखी चार आया बोलल्या. पंधरा दिवसांनी कडी बसली.